पहिली ओळ दादाची

जुलैच्या अखेरीला, ऐन उन्हाळ्यात, कुणी लोकरी कोट घेऊन गावाला निघतं का? सुदाम जाधव निघाला होता. डार्मश्टाटहून न्युरेम्बर्गला, शनिवार-रविवारच्या स्वस्त तिकिटावर, तीन गाड्या बदलत, मांडीवर एक कापडी पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला निळा बंद गळ्याचा कोट. कोट त्याचा नव्हताच मुळी. थोरल्या भावाचा, यशवंतदादाचा होता. दादानंही तो एकदासुद्धा अंगात घातला नव्हता, कारण तो जर्मनीला जाताना घालायचा म्हणून शिवला होता. आणि एप्रिलच्या बावीस तारखेला हिंगोलीचा कार्यक्रम करून दादा घरी आला, दुपारी जेवून जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. एक्कावन्न वर्षांचा धडधाकट माणूस.

समोर नीला बसली होती, सुदामची बायको. ती बोलत नव्हती. म्हणजे ‘पाणी हवंय का’, ‘पोरीची टोपी कुठंय’ एवढं बोलत होती, पण त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. खिडकीशी त्यांची नऊ वर्षांची मुलगी, धम्मदीपा. नाव दादानं, तिच्या मोठ्या बाबांनी, ठेवलेलं. घरात ती धम्मदीपा आणि चार मराठी माणसांत नुसती दीपा. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, ते विचारू नका. असल्या गोष्टी कुणी ठरवत नसतं, त्या होतात, आणि मग आपण म्हणतो की आम्ही कुठं काय केलं.

निघायच्या आदल्या दिवशी नीला म्हणाली होती, “तिथं मोठ्या दादांचं गाणं म्हणणार असाल तर मी येते. नुसतं सॉसेज खायला मला यायचं नाही.”

“म्हणेन,” सुदाम म्हणाला होता.

म्हणाला खरा. पण एकट्यानं गाणं त्यानं जन्मात म्हटलं नव्हतं.

कारण सुदाम झीलकरी. आता झीलकरी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाहीर पुढं उभा राहून ओळ म्हणतो आणि मागचे दोघंतिघं त्या ओळीचं शेपूट उचलून धरतात, लांबवतात, तोवर शाहीर दम घेतो. त्याला झील धरणं म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या सेलूची ‘यशवंत जाधव आणि पार्टी’ चौदा एप्रिलपासून मे संपेपर्यंत गावोगाव भीमजयंतीचे कार्यक्रम करायची, आणि वयाच्या अकराव्या वर्षापासून सुदाम तिच्यात दादाच्या उजव्या हाताला उभा राहायचा. बारावी, बीएस्सी, एमएस्सी, सगळं त्या जयंत्यांवर झालं. पार्टीत एक शिस्त होती. शाहिराच्या तोंडची ओळ झीलकऱ्यानं उचलायची नाही. शाहिराला ठसका लागो, ओळ विसरो, वीज जावो, थांबायचं. दादा म्हणायचा, “तू थांबलास की लोकाला कळतं शाहीर अजून यायलाय म्हणून. तूच गायलास तर माझं काय काम?” सुदाम थांबायला शिकला. फार चांगला शिकला, म्हणजे नको तिथंही थांबायला लागला.

गेल्या वर्षी, वर्ल्ड कप होऊन गेला त्या उन्हाळ्यात, सुदाम पहिल्यांदा न्युरेम्बर्गच्या या संगीत महोत्सवाला आला होता. जुन्या शहरात तीन दिवस चौकाचौकांत गाणं. मोठ्या स्टेजवर मोठे कलावंत असतातच, पण गल्लीच्या तोंडाशी, पुलावर, चर्चच्या भिंतीशी कुणीही उभं राहावं, अर्धा तास गावं आणि पुढं सरकावं. माईक लावायचा नाही, एवढीच अट. तिथूनच त्यानं दादाला फोन लावला होता.

“कुणीबी?” दादानं विचारलं होतं. “परवानगी नाही, वर्गणी नाही, पाटलाला विचारायचं नाही?”

“कुणीबी.”

“अन् काय खायलास?”

“बोटाएवढी तीन सॉसेजं, पावात घालून. वर मोहरी लावून.”

“मोहरी लावून? अरे मोहरी फोडणीत टाकतेत.” मग दादाला सगळंच हवं झालं. कोबी आंबवून खातात म्हटल्यावर तो म्हणाला, नासला म्हणून टाकून द्यायचा सोडून? बाजाराच्या चौकात एक उंच कारंजं आहे आणि त्याच्या जाळीतली पितळी कडी फिरवली की मनातलं होतं असं लोक मानतात, हे सांगितल्यावर त्यानं विचारलं, “हात कुणीबी लावतं का तिथं?” “कुणीबी,” सुदाम म्हणाला. दादा म्हणाला, “मला ने बरं का एकदा. तू अन् मी. पुढच्या वर्षी.”

सुदाम म्हणाला, “ये की पासपोर्ट काढून.”

दादानं तीन महिन्यांत पासपोर्ट काढला. दिवाळीच्या सुमारास निळं कापड घेऊन कोट शिवला. राहिलं होतं ते सुदामकडचं काम. पाहुण्याचा खर्च मी करीन असं इथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन लिहून द्यायचं आणि तो कागद व्हिसासाठी दादाला पाठवायचा. त्या कागदाचं नाव घेतानाच माणूस अर्धा दमतो, पण काम मोजून वीस मिनिटांचं. सुदाम दर रविवारी फोनवर सांगायचा, अजून टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळत नाही दादा, इथं प्रत्येक गोष्टीला टेर्मीन घ्यावी लागते. दादा म्हणायचा, असू दे, सरकारी काम अन् सहा महिने थांब, तुमच्याकडंबी तसंच का.

टेर्मीन मिळालेली होती. कागदही झाला होता, तीस जानेवारीला, शिक्क्यासकट. आणि कपडे धुवायच्या मशिनच्या माहितीपुस्तकाखाली तो खणात पडून होता. सहा महिन्यांची मुदत.

का पडून होता? तर एका ‘हं’पायी.

सहा वर्षांपूर्वी सुदाम नवा नवा जर्मनीत आला, तेव्हा सत्यजितची ओळख झाली. पुण्याचा, न्युरेम्बर्गच्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर, दिलदार माणूस. सुदामला घर मिळेना तेव्हा त्यानं आठ दिवस त्याच्यासाठी फोन फिरवले होते. त्याच्या घरी पहिल्या गणपतीला गेले तेव्हा त्याची बायको, कादंबरी, वाढता वाढता म्हणाली, “जाधव म्हणजे मराठे ना तुम्ही?” आणि सुदामच्या तोंडून ‘हं’ गेलं. एवढंच. धड हो नाही, धड नाही नाही. त्यानंतर तासाभरानं कुणीतरी पाहुण्यानं ‘माझी मेडिकलची सीट कोट्यातल्यानं खाल्ली’ असा जुनाच विनोद केला, सगळे हसले, सत्यजित हसला, आणि सुदामही हसला. त्या हसण्यावर घरी गेल्यावर नीला दोन दिवस जेवली नव्हती. पुढं एकदा सत्यजितनं विचारलं, तुझा भाऊ गातो म्हणे? तेव्हा सुदाम म्हणाला, हो, भजनं वगैरे. “अरे मग येऊ दे त्यांना, आमच्या मंडळात ठेवू कार्यक्रम!” आता दादा येणार, निळा कोट घालून उभा राहणार, ‘जय भीम’ म्हणून सुरुवात करणार. सुदामला ते डोळ्यांपुढं दिसलं आणि त्यानं आजचं मरण उद्यावर ढकललं. उद्या टाकू पोस्टात. येत्या सोमवारी टाकू. जयंतीच्या धामधुमीत दादाला तरी कुठं वेळ आहे, मेमध्ये टाकू.

मे कुणी पाहिला?

सुदाम सेलूला पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आठ तालुक्यांतल्या गायन पार्ट्या आल्या, जो तो गळ्यात पडून रडला. सुदामच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सगळ्यांना वाटलं, मोठा साहेब झालाय. आईनं निघताना कोट दिला. “तू तरी घाल,” म्हणाली. “कागदाची वाट पाहू पाहू गेला.” परत आल्यावर आठ दिवसांनी नीला खणात काहीतरी शोधत होती, तिच्या हाती तो कागद लागला. तिनं तो वाचला, तारीख वाचली आणि जिथं होता तिथं ठेवून दिला. “बैल गेला अन् झोपा केला,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून बोलणं हे असं, पाण्याचं आणि टोपीचं.

तीस जुलैला कागदाची मुदत संपत होती, सोमवारी. आज शनिवार.

स्टेशनवर सत्यजित आणि कादंबरी घ्यायला आले होते. सत्यजितनं सुदामला मिठी मारली, भावाचं वाईट झालं रे, म्हणाला. मनापासून म्हणाला. सुदामला तेच नको होतं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, निदान खणातल्या कागदाला काहीतरी निमित्त राहिलं असतं.

जुन्या शहराच्या तटाच्या दरवाज्यातून ते आत शिरले. आत शिरलं की आधी धूर लागतो, बीच झाडाच्या लाकडावर सॉसेजं भाजतात त्याचा. सत्यजितनं सगळ्यांसाठी पाव घेतले, गोल, करकरीत, आत तीन-तीन सॉसेजं. “आमच्या आईला घरात कांदा-लसूण चालत नाही चातुर्मासात,” तो तोंड भरून म्हणाला. “इथं आम्ही हे. आईला फोटो पाठवायचा नाही.” कादंबरी मात्र मांस खात नव्हती, तिनं ब्रेत्सेल, मीठ लावलेलं पावाचं वेटोळं, घेतलं आणि अर्धं धम्मदीपाला दिलं. सुदामनं पहिला घास घेतला आणि मोहरी नाकात गेली. अरे मोहरी फोडणीत टाकतेत. त्याला तो घास गिळवेना. दर रविवारी दादाला सांगायला म्हणून तो आठवडाभर चवी लक्षात ठेवत आला होता, आता त्या कुणाला सांगायच्या?

गाणं तर पावलोपावली. एका चौकात आफ्रिकेतले तिघं गुडघ्यांत ढोल धरून बसलेले, त्यांच्या भोवती जर्मन आज्या फेर धरून नाचत होत्या. पुढच्या गल्लीत एक म्हातारा पिळून पिळून अकॉर्डियन वाजवत होता आणि शेजारच्या दुकानातली बाई काउंटर सोडून दारात येऊन त्याच्याबरोबर गात होती. गिऱ्हाईक मसाल्याची बिस्किटं हातात घेऊन तसंच उभं. सत्यजित प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं मान डोलवायचा आणि म्हणायचा, चला, वर किल्ल्याकडे खरी मजा आहे. ते किल्ल्याच्या चढाला लागले, तिथं तटाखाली बसून काळपट लाल बियर प्यायले, पोरीला सरबत दिलं. दुपारी एका जुन्या खानावळीत डुकराच्या खांद्याचं मटण आणि बटाट्याचा चेंडूएवढा गोळा आला. नीलानं त्यातलं अर्धं ताटाच्या कडेला सारलं, सवयीनं सुदामपुढं केलं, आणि मग लक्षात येऊन ताट परत ओढून घेतलं.

“काय गं, भांडण?” कादंबरीनं हसत विचारलं.

“नाही,” नीला म्हणाली. “यांना गायचंय आज. पोट जड नको.”

सत्यजितनं काटा खाली ठेवला. “गायचंय? तू गातोस?”

“भावाचं एक गाणं आहे,” सुदाम म्हणाला.

“अरे वा. भजन?”

नीलानं सुदामकडं पाहिलं. खानावळीत दहा टेबलांचा कालवा चालू होता, पण त्याला तो ऐकू येईना. पुन्हा एक ‘हं’ म्हणायचा आणि मोकळं व्हायचं, किती सोपं होतं. 

“नाही,” तो म्हणाला. “भजन नाही.”

बस. एवढंच जमलं त्याला.

बाजारच्या चौकात धम्मदीपानं कठड्यावर चढून कारंज्याची कडी फिरवली. काय मागितलंस, असं नीलानं मराठीत विचारलं तर पोरगी जर्मनमध्ये म्हणाली, सांगितलं की होत नाही. सुदामनंही हात लावला कडीला. ती ऊन लागून तापलेली होती. मागायचं काय, हे त्याला सुचलं नाही. जे मागायचं ते मिळण्यातलं नव्हतं.

नदीकडं उतरताना चर्चच्या भिंतीशी दोन बहिणी सारंगीसारखं काहीतरी वाजवत होत्या. त्यांचा अर्धा तास झाला, त्यांनी वाद्यं पेट्यांत ठेवली, लोकांना वाकून नमस्कार केला आणि त्या पुलाकडं निघून गेल्या. जागा मोकळी झाली. ऐकणारे वीसतीस जण पांगावं की थांबावं अशा बेतात उभे होते. नीलानं पिशवीतून कोट काढला, झटकला आणि सुदामपुढं धरला.

“घाला,” ती म्हणाली.

कोट खांद्यात ढगळ होता. दादाचे खांदे पैलवानासारखे रुंद. गळ्याचं बटण लावताना सुदामचा हात खिशाला लागला आणि आत काहीतरी टोचलं. ज्येष्ठमधाची कांडी. शिंप्याकडून आणल्या दिवशीच दादानं खिशात टाकून ठेवली असणार, जर्मनीत घसा बसला तर असावी म्हणून. सुदामनं ती बाहेर काढली, पाहिली आणि पुन्हा आत ठेवली. अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या.

तो भिंतीला पाठ करून उभा राहिला. जरा उजवीकडं सरकून. का, ते त्याला नंतर कळलं. अकराव्या वर्षापासूनची सवय. त्यानं उजव्या बाजूची जागा धरली होती, बघणाऱ्यांच्या डावीकडची, आणि मधली जागा रिकामी सोडली होती.

गाणं दादाचं स्वतःचं. नाव विचारणाऱ्यांचं गाणं होतं ते. विहिरीवर पाटील विचारतो, शाळेत मास्तर विचारतो, बाजारात वाणी विचारतो, कोण रे तू? दर कडव्याला विचारणारा बदलतो. विचारणाऱ्याची ओळ शाहिराची, आणि प्रत्येक वेळी झील एकच, ‘सांगतो नाव, ऐका जी, सांगतो नाव.’ अशी पाच कडवी आणि शेवटी शाहीर स्वतःचं नाव सांगतो. लोक त्या शेवटाचीच वाट पाहायचे. दादा नाव सांगायचा तेव्हा बायामाणसं उठून उभी राहायची.

सुदामनं टाळीचा ठेका धरला. एक, दोन, तीन. आता पहिली ओळ.

पहिली ओळ आलीच नाही. पाठ नव्हती असं नाही, अडीचशे वेळा कानांवरून गेलेली, झोपेतून उठवलं तरी म्हणेल. पण ती दादाची ओळ होती. टाळी चालू राहिली आणि माणूस नुसता उभा. दोघंतिघं पांगले. सत्यजितला वाटलं विसरला बिचारा, त्यानं उगाच मोठ्यानं टाळ्या सुरू केल्या. नीला मात्र हलली नाही. आणि मग, दादाच्या ओळीला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ बरोबर संपला तेव्हा, सुदामचा आवाज आपोआप लागला.

“सांगतो नाव, ऐका जी, सांगतो नाव...”

खड्या आवाजात, वरच्या पट्टीत. चर्चच्या भिंतीवरून आवाज फिरून आला. पांगायला निघालेले थांबले. झील पुरी करून सुदाम पुन्हा गप्प झाला, हात टाळी देत राहिले. दुसऱ्या कडव्याची ओळ, मास्तर विचारतो ती, शांततेत निघून गेली. पुन्हा झील. पुन्हा शांतता. लोकांना काही कळेना, पण त्या थांबण्याला माप होतं, ते त्यांच्या लक्षात यायला लागलं. तिसऱ्या वेळेला गर्दीतली माणसं त्या रिकाम्या जागेत टाळीचा ठेका देऊ लागली. एक म्हातारी बाई डोळे मिटून मान हलवत होती. तो कशाची तरी वाट पाहतोय, एवढं त्या परक्या मुलखातल्या लोकांना नीट समजलं होतं.

पाचवी झील झाली. आता शेवटचं कडवं, नाव सांगायचं. इथं गप्प राहिलं तर गाणं संपतच नाही. पाच वेळा ‘सांगतो, सांगतो’ म्हणायचं आणि सांगायचंच नाही, याला काय म्हणावं? सहा वर्षं सुदामनं हेच केलं होतं. समोर सत्यजित उभा होता, कौतुकानं बघत. शेजारी कादंबरी. सुदामनं पाऊल उचललं आणि मधल्या जागेत जाऊन उभा राहिला.

“भीमाचं लेकरू यशवंत मी, सेलू माझं गाव,
पाठचा भाऊ सुदाम धरी झील, सांगतो नाव...”

आवाज फाटला. दादासारखा मुळीच लागला नाही. ‘सुदाम’ म्हणताना तर सूर साफ खाली आला. पण शब्द न् शब्द ऐकू गेला. मग त्यानं सवयीनं हात जोडले, “जय भीम,” म्हणाला आणि बाजूला झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, भरपूर वाजवल्या. आणि पुढच्या गाण्याकडं निघून गेले, महोत्सवच तो. सत्यजित पुढं आला. सुदाम त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होता. सहा वर्षं जे त्या चेहऱ्यावर उमटेल म्हणून तो भ्यायला होता, ते शोधत होता.

“भारी रे,” सत्यजित म्हणाला. “अंगावर काटा आला. भजनं काय म्हणालास तू, हे तर वेगळंच आहे. अरे, मग गेल्या वर्षीच बोलवायचंस ना त्यांना. त्यांच्याच तोंडून ऐकलं असतं.”

कादंबरी म्हणाली, “आम्हाला वाटलं होतं तुम्ही...” आणि पुढचं न बोलता पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत राहिली.

“कागद तयार होता,” सुदाम म्हणाला. नीला दोन हातांवर होती, तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. “जानेवारीतच झाला होता. मीच पाठवला नाही.”

“का?”

“तुम्हाला कळेल म्हणून.”

सत्यजित आधी हसल्यासारखं करू लागला आणि मग थांबला. तो जाणता माणूस होता, त्याला गणपती आठवला की नाही कोण जाणे, पण त्याची मान खाली गेली. “मी काय केलं असतं रे?” तो म्हणाला.

“माहीत नाही,” सुदाम म्हणाला. “कदाचित काहीच नाही. बघायची वेळच मी येऊ दिली नाही.”

नीला पुढं आली. “अहो, कोट काढा,” ती म्हणाली. “भिजलाय सगळा.” कित्येक आठवड्यांनी तिनं त्याच्या खांद्याला हात लावला होता. ती मागून कोट उतरवून घेऊ लागली तेव्हा ती मघाची डोळे मिटणारी म्हातारी बाई अजून तिथंच असल्याचं सुदामच्या लक्षात आलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, पण मोठ्यांचं काही चाललंय बघून ती धम्मदीपाकडं वळली.

“तुझे वडील छान गातात,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “पण मधेमधे गप्प का राहतात? गाणं असंच आहे का?”

“नाही,” धम्मदीपा म्हणाली, तिच्या स्वच्छ, शाळेतल्या जर्मनमध्ये. “तिथं माझे मोठे बाबा गातात.”

एक बाही निघाली होती, एक निघायची होती. सुदाम तसाच चर्चच्या पायरीवर बसला, आणि सेलूत जे आलं नव्हतं ते रडू त्याला भरदिवसा, चारचौघांत आलं. नीला दुसरी बाही धरून शेजारी बसून राहिली. पुलावरून त्या दोन बहिणींचं वाजवणं ऐकू येत होतं.